ती काळूशी बोलते, माझ्याशी का नाही?

तासगावजवळच्या एका आईचं पत्र आलं आहे. ते लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.

‘अकरा महिन्यांपूर्वी माझे यजमान हृदयविकाराच्या झटक्याने गेले. लेक ९ वर्षांची, चौथीत आहे. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि ही शेजारी बसून टाळ धरायची. ते गेल्यापासून ती शाळेत फक्त मान हलवते, घरात कामापुरतं बोलते. रात्री दोन-तीनदा उठून मला हात लावून बघते. पण संध्याकाळी पायरीवर बसून गल्लीतल्या काळू नावाच्या कुत्र्याशी अर्धा अर्धा तास बोलते. एकदा दाराआडून ऐकलं. दिवसभराचं सगळं सांगत होती, जसं बाबांना सांगायची. मला का सांगत नाही? सासूबाई काळूला हाकलतात, म्हणतात चावेल. पुण्याची नणंद म्हणते, कुत्र्यांची थेरपी असते, तिकडे ने, नाहीतर एक चांगलं पिल्लू विकत घे. ऑनलाइन एक जण ४० दिवसांची रागचिकित्सा देतो, १८,००० रुपये सांगतो. बाई म्हणतात डॉक्टरांना दाखवा, घरचे म्हणतात पोरीला वेडी ठरवणार का. पेटी कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवली आहे. वर्ष सरेपर्यंत घरात गाणं नको, असं सासूबाईंचं म्हणणं. मी पतसंस्थेत नोकरी करते. लेकीसमोर एकदाही रडलेली नाही. काय करू?’

ताई,

तुम्ही पाच-सहा गोष्टी विचारल्या आहेत, पण तुमचा जीव ‘मला का सांगत नाही’ या एका वाक्यात अडकला आहे. म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

ती तुम्हाला सांगत नाही, कारण तिला तुमची काळजी वाटते. बाबांचा विषय निघाला की आईचा चेहरा बदलतो, आई पटकन उठून स्वयंपाकघरात जाते, हे ९ वर्षांच्या पोरीला बरोबर कळतं. तुम्ही तिच्यासमोर रडला नाहीत ते तिला जपण्यासाठी, आणि ती तुमच्यासमोर बोलत नाही ते तुम्हाला जपण्यासाठी. रात्री उठून हात लावून बघते तेही त्यातलंच. एक माणूस अचानक गेलं, तर दुसरंही जाऊ शकतं, हा हिशोब तिने मनाशी केला आहे. काळूला मात्र जपावं लागत नाही. तो रडत नाही, ‘असं बोलू नये बाळा’ म्हणत नाही, उपाय सुचवत नाही, शेपटी हलवत बसून राहतो. तुमच्यापेक्षा तो तिला जवळचा आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्यापाशी तिचं मन मोकळं होतं, कारण त्याला दुखवायची भीती नाही.

आणि ती बोलते आहे, हे फार मोलाचं आहे. तिचे शब्द आटलेले नाहीत. तिने आपल्यापुरती एक जागा शोधून काढली आहे. नणंदबाई ज्या थेरपीबद्दल सांगतात, तिची सुरुवातही काहीशी अशीच झाली होती. बोरिस लेव्हिन्सन हे अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ. एक आई आपल्या अबोल मुलाला घेऊन ठरल्या वेळेआधीच त्यांच्याकडे पोचली. त्यांचा कुत्रा जिंगल्स नेमका खोलीत होता, तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला. मूल घाबरलं नाही, त्याला कुरवाळू लागलं. पुढच्या भेटींमध्ये ते कुत्र्याशीच खेळायचं, डॉक्टरांकडे बघायचंही नाही. मग हळूहळू त्याने डॉक्टरांनाही त्या खेळात घेतलं, आणि खरं काम तिथून सुरू झालं. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये कुत्रा हा उपचारातला सहकारी होऊ शकतो, असं मांडणारा लेख लिहिला. प्राण्यांना सोबत घेऊन समुपदेशन करण्याच्या आजच्या पद्धतीची मुळं तिथे आहेत.

या गोष्टीतला शेवटचा भाग विसरू नका. मुलाला बरं करण्याचं काम जिंगल्सने एकट्याने केलं नाही. त्याने दार किलकिलं केलं आणि आत एक माणूस गेला, न ढकलता, मुलाच्या गतीने. काळूने तुमच्या घरात दार किलकिलं केलेलंच आहे. आता तिथून आत कुणी आणि कसं जायचं, एवढाच प्रश्न आहे.

रीतसर पद्धतीत खोलीत मुलाशिवाय तिघं असतात: समुपदेशक, प्रशिक्षण दिलेला आणि स्वभाव पारखून घेतलेला कुत्रा, आणि कुत्र्यावर लक्ष ठेवणारा त्याचा माणूस. मूल कुत्र्याला ब्रश करतं, पाणी देतं, चेंडू टाकतं. समुपदेशक मुलाला थेट काही विचारत नाही. ‘आज हा गप्प आहे, कशाने बरं?’ असं कुत्र्याबद्दल विचारतो, आणि मूल कुत्र्याच्या नावाने स्वतःचं सांगू लागतं. मुंबई-पुण्यात असं काम होतं, अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही त्यातली जुनी संस्था. पण तासगावहून दर आठवड्याला पुणे गाठायचं, तुमची रजा, तिची शाळा, गाडीभाडं, हे सगळं करा असं मी सांगणार नाही. या पद्धतीवरचे अभ्यास बरेचसे लहान आहेत. बुजलेल्या, घाबरलेल्या मुलांना खोलीत रुळायला तिची मदत होते, पण ती मूळ समुपदेशनाची जागा घेत नाही. सांगली-मिरजेत मुलांबरोबर काम करणारी चांगली समुपदेशक मिळाली, तर कुत्र्याशिवायही काम होईल. पहिल्या भेटीत तिला काळूबद्दल जरूर सांगा. शहाणी समुपदेशक लेकीला काळूचं चित्र काढायला लावूनच सुरुवात करेल.

पिल्लू विकत घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. कुत्रा दहा-बारा, कधी चौदा वर्षं जगतो. त्याचं खाणं, लसी, आजारपण, सुट्टीत त्याला कोण बघणार हा घोळ, हे सगळं एकट्या कमावत्या बाईवर येणार. औषध म्हणून आणलेला कुत्रा चार महिन्यांनी जड झाला आणि कुणाला देऊन टाकावा लागला, तर त्या पोरीच्या हातून आणखी एक जण जाईल. शिवाय तिने काळूला निवडलं आहे. तिच्या निवडीवर आपण महागडं पिल्लू आणून ठेवू नये.

आता सासूबाईंची भीती. ती खरी आहे आणि तिला उडवून लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून काळूला हाकलण्याऐवजी त्याला लस द्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. रेबीजची लस, जंताचं औषध, आणि दरवर्षी लसीची आठवण. तारीख कॅलेंडरवर लेकीलाच लिहू द्या. ज्याची काळजी घेता येते असं काहीतरी तिच्या हाती येईल, आणि सध्या तिला त्याची फार गरज आहे. लस दिली तरी नियम हवेतच. काळू खात असताना किंवा झोपलेला असताना जवळ जायचं नाही, तोंडाला तोंड लावायचं नाही, गळ्यात पडून आवळायचं नाही. तो तोंड फिरवतो, पुन्हा पुन्हा जिभल्या चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, शेपटी पायांत घालतो, तेव्हा ‘आता पुरे’ म्हणत असतो. हे तिला शिकवा. चावला किंवा ओरखडा जरी आला, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद नाही, चुना नाही, ‘उद्या बघू’ नाही. तिला हेही सांगून ठेवा की लागलं तर लपवायचं नाही, त्यामुळे काळूला कुणी मारणार नाही. मुलं जखम लपवतात ती बहुतेक याच भीतीने.

गल्लीतल्या कुत्र्याचं आयुष्य बेभरवशाचं असतं. काळूला काही झालं, तर ‘गावाला गेला’ असं सांगू नका. बाबांबद्दल तिला काय सांगितलंय, ते तुमच्या पत्रात नाही. ‘देवाघरी गेले’, ‘झोपलेत’ एवढंच सांगितलं असेल, तर पुन्हा नीट सांगा: बाबांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांना ते सुरू करता आलं नाही, आणि यात कुणाची चूक नव्हती, तुझी तर नाहीच. मृत्यूला झोप म्हटलं की मुलं झोपेलाच घाबरू लागतात. ती रात्री तुम्हाला तपासते, त्यावर ‘मला काही होणार नाही’ असं वचन देऊ नका. बाबाही उद्या येतो म्हणूनच गेले असतील. त्यापेक्षा म्हणा, ‘मी ठणठणीत आहे. तरी कधी काही झालंच, तर तू आजीकडे आणि आत्याकडे असशील, आम्ही ठरवून ठेवलंय.’ आणि हे खरोखर ठरवा, नणंदेशी बोलून. आई गेली तर माझं काय, या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय अशा मुलांची झोप परत येत नाही, असा माझा अनुभव आहे.

रागचिकित्सेचे १८,००० रुपये वाचवा. मी शास्त्रीय संगीतावर प्रेम करणारी बाई आहे, त्यामुळे हे मी आकसाने लिहीत नाही. सुरांचा मनावर परिणाम होतो, यात मला शंका नाही. पण अमुक आजाराला अमुक राग, सकाळी वीस मिनिटं, ४० दिवस, हा गोळ्यांच्या चिठ्ठीसारखा हिशोब कुठल्याही भक्कम पुराव्यावर उभा नाही. तुमच्या मुलीला न भेटता, तिचे बाबा काय वाजवायचे हे न विचारता कुणी फाइल पाठवत असेल, तर ती ध्वनिमुद्रणांची विक्री आहे.

खरा संगीतोपचार माणसाने माणसासोबत करायचा असतो. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी, खचलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये वादक येऊ लागले, आणि नुसतं वाजवून भागत नाही, यासाठी शिक्षण हवं, हे तिथे लक्षात आलं. १९४० च्या दशकात त्याचे अभ्यासक्रम निघाले. फिनलंडमध्ये नैराश्य असलेल्या ७९ प्रौढांवर एक अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर संगीतोपचाराच्या वीस बैठका दिल्या. ते गाणी ऐकत बसले नव्हते. उपचारकाबरोबर ढोल किंवा पट्ट्यांचं वाद्य मनाला येईल तसं वाजवायचं आणि मग काय वाजवलं त्यावर बोलायचं, असं त्यांचं काम होतं. तीन महिन्यांनी त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. अभ्यास लहान आहे, तुमची लेक रुग्ण नाही आणि प्रौढही नाही. तरी एक धागा उचलण्यासारखा आहे: आधी हात वाजवतात, शब्द मागून येतात.

या क्षेत्रात जुनं तत्त्व आहे की माणूस ज्या मनःस्थितीत असेल, तिथूनच संगीत सुरू करायचं आणि मग हळूहळू पुढे न्यायचं. म्हणून घरातले लोक हौसेने उडत्या चालीची गाणी लावतील, तर थांबवा. दुःखातल्या मुलीला नाचरं गाणं ऐकवलं की तिला वाटतं, इथे कुणाला काही कळलेलंच नाही.

पेटीबद्दल मी बराच विचार केला. चादरीत गुंडाळून उंचावर ठेवलेली ती वस्तू तुमची लेक रोज बघत असणार. बाबांचं नाव, त्यांची जागा, त्यांचा आवाज, सगळं तिच्यासोबत बांधून वर ठेवल्यासारखं झालं आहे. ती खाली यायला हवी. पण सासूबाईंशी भांडून नाही. अकरा महिने झालेच आहेत, वर्षश्राद्ध महिन्यावर आलं आहे, तेवढा महिना थांबा. पत्रात त्यांचा उल्लेख फक्त ‘हाकलतात’, ‘नको म्हणतात’ असा आला आहे. त्यांचा मुलगा गेला आहे, ताई. गाणं नको म्हणणारी ती बाई कदाचित पेटीचा आवाज सहन होणार नाही म्हणूनच नको म्हणत असेल.

त्यांच्यापाशी जे असेल असं मला वाटतं, ते तुम्ही मागून बघा. त्या पिढीतल्या कितीतरी बाया पहाटे जात्यावर ओव्या गात. माहेरची आठवण, नवऱ्याचा जाच, लेकरू गेल्याचं दुःख, जे चारचौघांत बोलता येत नव्हतं, ते दगडाच्या घरघरीत सांगितलं जायचं. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि आज त्यांतल्या कितीतरी ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर बायांच्या आवाजात ऐकता येतात. सासूबाईंना ओव्या येत असतील, तर ‘गा’ म्हणू नका, ‘तुमच्या आई काय म्हणायच्या’ एवढंच विचारा. त्याला त्या गाणं धरणार नाहीत. लेक जवळ असेल आणि आजी तिच्या मुलाबद्दल एखादी ओळ म्हणाली, तर घरात पहिल्यांदा बाबांचं नाव मोकळ्या आवाजात उच्चारलं जाईल. आजीला रडू आलं, तर नातीने ते बघावं. रडून माणूस मोडत नाही, डोळे पुसून पुन्हा भाकरी थापायला बसतं, हे तिला कुठेतरी दिसायला हवं.

वर्षश्राद्धानंतर पेटी खाली काढा. वर्षभर बंद असलेल्या पेटीत धूळ आणि दमट हवा जाते, भात्याला भेगा पडतात, कधी उंदीर कुरतडतात. जोरात भाता मारू नका. मिरज जवळ आहे, सतारमेकरांच्या गल्लीत चौकशी केलीत तर दुरुस्त करणारा माणूस भेटेल. लेकीला बरोबर न्या. तो झाकण उघडून सूर एकेक करून तपासेल, तेव्हा ती बाबांच्या पेटीचं पोट पहिल्यांदा बघेल. माझा अंदाज आहे की ती तिथे काहीतरी विचारेल. नाही विचारलं तरी चालेल.

घरी आणल्यावर पेटी तिच्या हाताला लागेल अशी ठेवा आणि सोडून द्या. ‘वाजव ना’ म्हणू नका. लगेच क्लास लावू नका. मोबाइलवर चित्रीकरण करून स्टेटसला तर मुळीच टाकू नका. एक पट्टी दाबून ती पळून गेली, तर तो दिवस तेवढाच. तिच्या हातात टाळ होते, तेही पेटीजवळ असू देत. भजनी मंडळातल्या एखाद्या काकांना महिन्या-दोन महिन्यांनी बोलवा, त्यांनी एक साधा अभंग म्हणावा, तिने टाळ धरले तर धरले. लांब सूर लावताना उच्छ्वास आपोआप लांबतो, शरीर निवतं. मंत्रजप करणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं २००१ मधल्या एका इटालियन अभ्यासात दिसलं होतं. भजनात बसलेल्या माणसाला हे अभ्यासावाचून ठाऊक असतं. कधी पेटीचा आवाज ऐकून ती कानांवर हात ठेवेल, त्या दिवशी पेटी बंद.

शाळेच्या बाईंचं म्हणणं टाळू नका. अकरा महिने शाळेत एक शब्द नाही, ही वाट बघत बसण्याची गोष्ट नाही. मुलांच्या समुपदेशकाला किंवा मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. दाखवलं म्हणजे वेडी ठरवलं असं नसतं. ताप उतरला नाही तर आपण रक्त तपासतो, तितकंच ते आहे. ती खात नसेल, वजन उतरत असेल, काळूशीही बोलणं थांबलं, किंवा ‘मला बाबांकडे जायचंय’ असं म्हणाली, तर त्याच आठवड्यात जा. हे वाक्य बरीच मुलं नुसत्या आठवणीने बोलतात, पण ‘म्हणजे तुला मरावंसं वाटतं का?’ असं शांतपणे विचारायला घाबरू नका. विचारल्याने डोक्यात नवं खूळ भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल, किंवा तुम्हाला धड अंदाज येत नसेल, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

बाईंना एक विनंती करा: वर्गात उभं करून तिला वाचायला लावू नका. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत १९९९ पासून मुलं ग्रंथालयात कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात, कारण कुत्रा चुका काढत नाही. तुमच्या लेकीने मराठीचा धडा काळूला वाचून दाखवला, तर गृहपाठ झाला असं बाईंनी मानावं. चौथीच्या बाईंना हे पटायला हरकत नसावी.

आणि आज संध्याकाळी ती पायरीवर बसली की तुम्हीही जा. तिच्या शेजारी नको, काळूच्या पलीकडे बसा, म्हणजे तो मध्ये राहील. तिला काही विचारू नका. काळूलाच तुमचा दिवस सांगा: पतसंस्थेत किती गर्दी होती, डबा खायला किती वाजले. मग एखाद्या दिवशी, जमेल तेव्हा, ‘आज यांची फार आठवण आली रे काळू’ हेही सांगा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, उठून आत जाऊ नका. पहिले काही दिवस ती गप्प बसेल, कदाचित उठूनही जाईल. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

मला पुन्हा लिहा. पेटीचं काय झालं तेही कळवा.